पोट दुखतंय? मग काय खाल्लंस?

या शनिवारी खरं तर डेटाबेसच्या इंडेक्सवर लिहायचं ठरवलं होतं. अर्धा लेख लिहूनही झाला होता. तो आता पुढच्या आठवड्यात. आज मला भांडायचं आहे. कुणाशी, ते वाचता वाचता कळेलच. त्या यादीत मीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझी भाची कर्णबधिर आहे. जन्मापासून. आता सतरा वर्षांची आहे. "तुझ्याबद्दल लिहू का?" असं तिला विचारलं, तर "नाव नको, बाकी सगळं लिही" असं उत्तर आलं. म्हणून इथे तिचं नाव नाही, शाळेचं नाही, गावाचंही नाही.

पाचवीपासून ती निवासी शाळेत होती. चौदा वर्षांची झाली आणि मधूनमधून रेक्टर बाईंचे ताईला फोन यायला लागले. "पोट बिघडलंय, आज वर्गात गेली नाही." हिने पोटावर हात ठेवला की समोरचा माणूस हाताचा घास करून तोंडाशी नेणार आणि भुवया उंचावणार. काय खाल्लंस? मग ठरलेली गुलाबी गोळी, ओआरएसचं पाणी आणि दोन दिवस मऊ भात. एकदा जंताचं औषध झालं. एकदा शाळेत येणाऱ्या डॉक्टरांनी अॅसिडिटी लिहून दिली. एकदा कवायतीच्या तासाला ही खाली बसून राहिली, तर वहीवर 'कामचुकार' असा शेरा आला. असं अकरा महिने चाललं. अकरा!

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली होती. ताईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं. त्यावर ताई दुधाचे खाडे लिहिते आणि स्वतःच्या पाळीच्या तारखेला पेन्सिलीने एक बारीक ठिपका देते. त्या ठिपक्याचा अर्थ भाचीला कुणी कधी सांगितला नव्हता, तिने तो स्वतःच ओळखला होता. एका दुपारी तिने ते कालनिर्णय खाली काढलं, आपल्या वहीतल्या तारखा बघून लाल पेनने गोल केले, फोटो काढला आणि मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "मावशी पोट दुखणे दर महिना. खाणे कारण नाही. रक्त दिवस दुखणे."

मराठीचे मास्तर या तीन वाक्यांना दहापैकी दोन मार्क देतील. पण अकरा महिन्यांत एकाही शहाण्या माणसाला न जमलेलं निदान त्यात आहे.

मग स्त्रीरोगतज्ज्ञ, तपासणी, सोनोग्राफी. दुसरा काही आजार निघाला नाही. पाळीच्या दुखण्यावरच्या साध्या गोळ्या, त्या केव्हा घ्यायच्या हे नीट समजावणं आणि एक गरम पाण्याची पिशवी. पुढच्या महिन्यात ती पाळीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात बसली होती.

आता माझी गोष्ट. मी कामापुरत्या का होईना, सात प्रोग्रॅमिंग भाषा शिकले. त्यातल्या दोन तर आता कुणी वापरतही नाही. घरातल्या एका मुलीची भाषा मात्र सोळा वर्षांत शिकले नाही. भेटलो की हसायचं, गालाला हात लावायचा, चॉकलेट द्यायचं. आमच्या धंद्यात कुणी बग नोंदवला आणि तो आपल्याला दिसला नाही, तर 'आमच्याकडे चालतंय' असं लिहून टिकेट बंद करायची एक घाण सवय असते. नव्या पोरांना मी त्यावरून झापते. इथे आम्ही सगळ्यांनी मिळून अकरा वेळा तेच केलं.

कुजबूज ऐकू येत नाही

आता तुम्ही म्हणाल, पाळीत सगळ्याच मुलींना दुखतं, मग कर्णबधिर मुलींचं वेगळं काय?

वेगळं असं, की पाळीबद्दलचं ज्ञान आपल्याकडे कुजबुजीतून पसरतं. मला कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. आई आणि काकू ओट्याशी हळू आवाजात बोलत होत्या ते कानावर पडलं. शेजारच्या ताईला 'दरवेळी फार त्रास होतो' हे जिन्यात कळलं. वर्गात मागच्या बाकावरून बाकीचं आलं. 'ओवा खा', 'पिशवीने शेक', 'लग्नानंतर कमी होतं' (हे शेवटचं भरवशाचं नाही, पण तेही कानावरच पडलं). आपलं नव्वद टक्के शिक्षण असं आपल्याशी न बोललेल्या वाक्यांमधून झालेलं असतं. कर्णबधिर मुलीच्या वाट्याला ही वाक्यं येत नाहीत. तिच्यासमोर कुणी मुद्दाम, तिला कळेल अशा भाषेत बोललं, तरच ती गोष्ट तिच्या जगात असते.

त्यात आपली मराठी! 'बाजूला बसली', 'कावळा शिवला', 'अडचण आहे', 'चार दिवस'. जिने मराठी कानाने कधी ऐकलीच नाही, पुस्तकातून अक्षर अक्षर शिकली, तिच्यासाठी कावळा म्हणजे कावळा आणि शिवणं म्हणजे सुईदोरा. हे शब्द मुळात पुरुषांना आणि लहान मुलांना कळू नये म्हणूनच तयार झाले. कर्णबधिर मुलीपासून ते सगळ्यात यशस्वीपणे लपवलं गेलं.

आणि खुणांच्या भाषेत कुजबूज करणं फार अवघड. वर्गाच्या या टोकाला केलेली खूण त्या टोकाला बसलेल्या मुलालाही दिसते. चौदा वर्षांची मुलगी शिपायासमोर, मुलांसमोर, वर्गाच्या मध्यभागी 'मला पाळीत दुखतंय' असं कशी सांगेल? ती पोटावर हात ठेवते. एवढंच करते. पुढचं आपण आपल्या सोयीने भरतो.

भाचीने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वसतिगृहात दहा वाजता दिवे बंद. रात्री दोन वाजता कळ आली तर? खुणा बोलायला उजेड लागतो. अंधारात ती मुकी. शेजारच्या मैत्रिणीला हलवून उठवायची, दोघी उठून संडासात जायच्या, कारण तिथला दिवा रात्रभर चालू असतो, आणि तिथे उभ्या राहून बोलायच्या. मैत्रीण पाठ चोळायची. रेक्टर बाईंच्या खोलीचं दार वाजवायचं तर सांगायचं काय आणि कसं? बाईंना खुणा येतच नव्हत्या.

कर्णबधिरांच्या निवासी शाळेत रेक्टरला खुणा येत नाहीत, हे वाचून तुम्ही दचकलात का? नसेल तर परत वाचा. हे एकट्या त्या बाईंचं पाप नाही. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांना शिकवणाऱ्यांची परिषद भरली. मुलांना बोलायलाच शिकवावं, खुणा बंद कराव्यात, असा ठराव तिथे झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत तो ठराव रीतसर नाकारला गेला आणि खेदही व्यक्त झाला. मधे गेली एकशे तीस वर्षं. आपल्याकडच्या कितीतरी शाळांमध्ये अजून ओठ बघा, आवाज काढा, हात खाली ठेवा हेच चालू असतं. बरं, ओठ वाचून 'पाळी' आणि 'बाळी' यात फरक करून दाखवा. प आणि ब ओठांवर सारखेच दिसतात.

पॅड मिळालं, दुखणं राहिलं

गेल्या पंधरा वर्षांत पाळीवर आपण बोलायला लागलो हे खरं आहे आणि चांगलं आहे. २०११ मध्ये केंद्राची मासिक पाळी स्वच्छता योजना आली. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने अस्मिता योजना सुरू केली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा जीएसटी गेला. दर २८ मे ला आमच्या कंपनीतही एक भाषण होतं आणि वॉशरूममध्ये पॅडचा डबा ठेवला जातो.

या सगळ्यात 'दुखणं' हा शब्द शोधून बघा. सगळा भर स्वच्छतेवर. रक्त दिसू नये, डाग पडू नये, वास येऊ नये. थोडक्यात, बघणाऱ्याला त्रास होऊ नये. जिला होतंय तिला काय होतंय, हा प्रश्न त्यात बसत नाही. भाचीच्या शाळेतही पॅड होते. कपाट भरून होते. कुणी पाहुणे आले की ते कपाट उघडून दाखवत.

दुखण्यामागचं कारण गूढ नाही. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, त्या स्नायूंचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो, आणि कळा येतात. मळमळ, जुलाब, डोकेदुखी हेही त्याच रसायनांमुळे होऊ शकतं. (म्हणजे 'पोट बिघडलंय' हे निदान इतके दिवस का टिकलं, ते बघा.) आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड या जातीच्या गोळ्या ही रसायनं तयार होणंच कमी करतात. म्हणून त्या पाळी सुरू होताना किंवा दुखायला लागताच, काहीतरी खाऊन घेतल्या तर नीट काम करतात. कळा शिगेला पोचल्यावर घेतली तर उपयोग कमी. ही औषधं सगळ्यांना चालत नाहीत. अल्सर, किडनीचा त्रास, काही प्रकारचा दमा असेल तर नाही. मेफेनॅमिक अॅसिडमुळे क्वचित होणाऱ्या एका गंभीर अॅलर्जीबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या अखेरीस सावधही केलं होतं. म्हणून एकदा डॉक्टरांना विचारायचं, आणि अंगावर पुरळ किंवा ताप आला तर लगेच सांगायचं.

आता हे वसतिगृहात बसवून बघा. गोळ्या कुलूपबंद कपाटात. किल्ली रेक्टर बाईंकडे. गोळी वेळेवर हवी तर वेळेवर मागता यायला हवी. पुरळ आलं तर सांगता यायला हवं. गोळी स्वस्त आहे. ती मागायला लागणारी भाषा आपण दिलेली नाही.

आणखी एक. शाळेत पाळीवरचं व्याख्यान असतं ते पहिल्या पाळीच्या आसपास. पण सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याच मुलींच्या पाळीत बीज सुटत नाही आणि दुखतही कमी. खऱ्या कळा पुष्कळदा सहा महिन्यांनी, वर्षाने सुरू होतात. तोपर्यंत व्याख्यान होऊन गेलेलं असतं. ऐकणाऱ्या मुलीला पुढचं मैत्रिणींकडून कळतं. भाचीला वाटलं, हा दुसराच आजार आहे आणि त्यात आपण मरणार. दोन महिने तिला असं वाटत होतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी, घरापासून दूर, एकटीला.

न विचारलेल्या प्रश्नांची किंमत

प्रत्येक दुखणं गोळीने जाणारं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना एन्डोमेट्रिऑसिस असतो. नीट बोलता येणाऱ्या, डॉक्टर बदलू शकणाऱ्या बायकांनासुद्धा त्याचं निदान व्हायला वर्षंच्या वर्षं लागतात. तीन-चार पाळ्या गोळ्या घेऊनही आराम नाही, दर महिन्याला वाढतंय, पाळी नसतानाही दुखतंय, लघवी-शौचाला दुखतंय, तासातासाला पॅड बदलावं लागतंय, यातलं काहीही असेल तर तपासणी हवीच. हे कळायचा एकच रस्ता आहे, तिला विचारणं.

कर्णबधिर मुलींच्या बाबतीत तर एक जास्तीचं कारण आहे. पेरॉल्ट सिंड्रोम नावाची एक दुर्मिळ आनुवंशिक अवस्था असते. त्यात ऐकू न येण्याबरोबर मुलींचं बीजाशय नीट काम करत नाही आणि पाळी येतच नाही किंवा लवकर थांबते. गर्भाशय जन्मतः न घडण्याच्या एका प्रकारातही काही जणींना ऐकण्याचा दोष असतो. दुर्मिळ आहे, घाबरायचं कारण नाही. पण पंधरा वर्षांच्या कर्णबधिर मुलीला अजून पाळी आली नसेल, तर 'येईल उशिरा' म्हणून सोडू नये. कानाच्या डॉक्टरांनी कान बघितला, संपलं, असं आपल्याकडे होतं. बाकीची मुलगी कोण बघणार?

विचारलंच नाही तर गोष्टी कुठवर जातात, हे महाराष्ट्राला माहीत आहे. फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुली कर्णबधिर नव्हत्या, प्रश्न वेगळा होता, मान्य. पण विचार करायची पद्धत तीच. पाळी म्हणजे सांभाळणाऱ्यांची कटकट. जिच्या शरीरात ती येते तिचं म्हणणं काय, हा मुद्दा कुणाच्या यादीतच नव्हता.

कायदा नाही असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे. कलम २५ मध्ये अपंग स्त्रियांच्या लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचा वेगळा उल्लेख आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब घेताना त्याची भाषा जाणणाऱ्याची मदत घ्यायची सोय आहे. म्हणजे अत्याचार झाला तर दुभाषी यावा, एवढं आपण मान्य केलं. पण तो सांगायला शरीराच्या अवयवांचे शब्द लागतात. ते तिला आधी कुणी शिकवले होते का?

"लिहून द्या की त्यांना." हा सगळ्यात लाडका उपाय. अहो, बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या घरात जन्मतात, जिथे कुणालाच खुणा येत नाहीत. पहिली पाच-सहा वर्षं पुष्कळांना पुरी अशी एकही भाषा मिळत नाही. त्यांना 'मासिक स्रावादरम्यान ओटीपोटात वेदना' असं छापलेलं पत्रक देणं म्हणजे मला चिनी भाषेत मॅन्युअल देणं.

"आई आहे ना दुभाषी." सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या अंतर्वस्त्रांबद्दल, अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याबद्दल दरवेळी आईमार्फतच बोलायचं? तुम्ही बोलला होतात?

"खूप नाटक करतात हो या मुली, तोंड वेडंवाकडं करून दाखवतात." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. खुणांच्या भाषेत चेहरा हे व्याकरण आहे. आपण 'खूप' म्हणताना आवाज ताणतो, ती चेहरा ताणते. त्याला नाटक म्हणणाऱ्याला तिची भाषा येत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

तर मागणी काय? मोठी नाही. कर्णबधिर मुलींच्या प्रत्येक वसतिगृहात रात्री हजर असलेल्या किमान एका बाईला खुणा आल्याच पाहिजेत. नेमणुकीची अट म्हणून, 'प्राधान्य' म्हणून नव्हे. पाळीचा विषय एका व्याख्यानात उरकू नये. दर तिमाहीला, फक्त मुलींमध्ये, खुणांमधून बोलावा, आणि शक्यतो मोठ्या कर्णबधिर मुलीने बोलावा. तिच्याइतकं नीट कुणी सांगू शकणार नाही. प्रत्येक मुलीकडे स्वतःचं छोटं कॅलेंडर असावं. दुखलं त्या दिवशी गोल, फार दुखलं तर दोन गोल. पोट दुखतंय म्हटलं की गुलाबी गोळीच्या आधी ते कॅलेंडर बघावं. पलंगापाशी एक टॉर्च असावा. आणि सरकारी दवाखान्यात दुभाष्याशी व्हिडिओवर बोलायची सोय असावी. हे शेवटचं माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून खात्रीने सांगते, यात तांत्रिक अडचण शून्य आहे. त्याच मोबाइलवर आपण साडीचे रंग व्हिडिओवर बघून ठरवतो.

दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांनी तयार केलेल्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. खुणा आहेत. शिकवणारे आहेत. २०११ च्या जनगणनेत ऐकू न येणारे ५० लाखांहून जास्त लोक नोंदवले गेले, म्हणजे शिकणाऱ्यांचीही कमी नसायला हवी.

मी शिकायला लागले त्याला आता वर्ष होईल. रविवारी सकाळी भाची व्हिडिओ कॉलवर तास घेते. माझी बोटं जड आहेत. मी 'दुखणं' आणि 'भूक' यात मधे मधे गोंधळ करते आणि ती पोट धरून हसते. परवा तिने सांगितलं, तिच्या जुन्या शाळेतल्या आठवीच्या तीन मुली तिला कॅलेंडरचे फोटो पाठवतात. एकीच्या कॅलेंडरवर एका महिन्यात नऊ गोल होते. तिच्या आईला फोन करायचा होता, ते काम माझ्याकडे आलं. फोनवर त्या आईने पहिलं वाक्य काय म्हटलं असेल?

"अहो, तिचं पोटच नाजूक आहे. बाहेरचं खाते ना."

असो. इंडेक्स पुढच्या शनिवारी. या आठवड्यात त्या माउलीला घेऊन डॉक्टरांकडे जायचं आहे.